कमरेचा सिग्नल

शरणबसप्पा बिराजदारांना सगळं गाव आप्पा म्हणतं, आणि आप्पा स्वतःला गाढव म्हणतात. आप्पा हे नाव लोकांनी आपसूक दिलं. गाढव हे मात्र त्यांनी स्वतः मेहनतीनं कमावलं, आणि ते कसं कमावलं हे टपरीवर बसलेल्या कुणालाही ते न विचारता सांगतात. देव अक्कल वाटत होता तेव्हा आपण खांबावर चढलो होतो, खाली उतरेपर्यंत वाटप संपलं होतं, असं त्यांचं म्हणणं. खांबावर चढणं हा त्यांचा धंदाच. नगरपरिषदेच्या वीज विभागात ते वायरमन आहेत.

गावाचं नाव नको घ्यायला, उगाच कुणाला वाटायचं आपल्यालाच बोलतायत. धाराशिव जिल्ह्याच्या पार टोकाला, जिथं नळाला माकणीच्या धरणाचं पाणी येतं आणि लेकीबाळी कर्नाटकात दिल्या जातात, तिथलं ते तालुक्याचं गाव आहे. बाजाराच्या दिवशी तिथं भेंडीचा भाव मराठीत विचारतात, कानडीत पाडून मागतात, आणि भांडण लागलंच तर शिव्या दखनीत देतात. अशा गावात ज्याला दोन बोल्या येतात तो उपाशी मरत नाही. आप्पांना तीन येतात.

त्यांच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. मुलगी कर्नाटकातल्या आळंदकडची, श्रीदेवी नावाची. तिच्या वडलांना कानडीपलीकडं काही येत नव्हतं आणि आप्पांच्या आईला मराठीपलीकडं. बैठकीत दुभाष्या म्हणून मामा यायचे होते, त्यांची एसटी वाटेत बंद पडली. मग काय करायचं? नवरदेवच पुढं सरसावला. आई म्हणाली, "पोरगी बरी हाय, पण मोटारसायकल दिल्याशिवाय जमायचं न्हाय." आप्पांनी कानडीत सांगितलं, आईला मुलगी फार पसंत आहे. सासरे म्हणाले, मुलाची नोकरी पक्की आहे का? आप्पांनी आईला मराठीत सांगितलं, ते विचारतायत तुमचे गुडघे कसे आहेत. आई म्हणाली, "दुखतात, पण चाललंय." आप्पांनी कानडीत सांगितलं, नोकरी पक्की आहे, आता पगारही वाढणार आहे. आप्पा तेव्हा रोजंदारीवर होते. सुपारी फुटली आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या समजूतदारपणाचं कौतुक करत जेवायला बसली.

लग्न झालं, संसार लागला. श्रीदेवीबाई हळूहळू मराठी शिकल्या, सासू थोडी कानडी शिकली, आणि एका दुपारी अंबाडीची भाजी निवडता निवडता दोघींनी त्या बैठकीचा ताळा जुळवला. आप्पा कामावरून आले तर घरात कमालीची शांतता. दोन दिवस दोघी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. एकमेकींशी मात्र भरपूर बोलल्या. आप्पा सांगतात, "तवाच शहाणं व्हायला पायजे होतं. दोघं एकमेकांशी बोलाया लागले की मधल्याचं हसं होतंय. पर शहाणं व्हायला आधी अक्कल लागती, आन ती तर वाटून झाली होती."

नोकरी पुढं खरंच पक्की झाली, आणि आप्पांच्या नशिबानं गावात सिग्नल आले.

पहिला आला बसस्टँड चौकात, पुण्याच्या कंपनीचा. दुसरा आला बसवेश्वर चौकात, हैदराबादच्या कंपनीचा. तिसरा कारखाना नाक्यावर, जिथून एक फाटा साखर कारखान्याला जातो आणि समोरचा रस्ता सरकारी दवाखान्याला, तो आला अशा एका कंपनीचा की सिग्नल बसवून वर्ष उलटलं नाही तोच ती कंपनी बंद पडली. प्रत्येक वर्षी नवं टेंडर आणि प्रत्येक टेंडरला नवा डबा. डबा म्हणजे खांबाजवळची लोखंडी पेटी, जिच्या पोटात सिग्नलची अक्कल असते. तिन्ही डबे आपापल्या कंपनीची बोली बोलायचे. पुण्याच्या डब्याचं हैदराबादच्या डब्याला कळायचं नाही, आणि तिसरा डबा तर अनाथच होता, त्याची बोली समजणारं या भूतलावर एकच माणूस उरलं होतं. कोण, ते सांगायला नको.

आप्पांचे सुगीचे दिवस आले. कुणी मोठा माणूस गावातून जायचा असला की आप्पा एका चौकात उभे, नाक्यावर होमगार्ड गोरोबा शिट्टी घेऊन उभा, आणि दोघांच्या कानाला मोबाईल. "गोरोबा, माझा हिरवा झालाय, तू तयार ऱ्हा." मधल्या चौकात आप्पा लुनावरून स्वतः पळत जायचे. याला मुख्याधिकारी साहेब बैठकीत 'समन्वय' म्हणाले. तो शब्द आप्पांना इतका आवडला की घरी भाकरी आणि भाजी एकदम पानात पडली तरी ते म्हणायचे, समन्वय झाला.

आता किल्लीचं सांगायला हवं. नाक्यावरच्या डब्याची किल्ली आप्पांनी दोनदा हरवली. दुसऱ्यांदा श्रीदेवीबाईंनी ती त्यांच्या कमरेच्या करदोऱ्यात घट्ट गाठ मारून बांधून टाकली. लहान लेकराच्या गळ्यात ताईत बांधावा तशी. दोरा आखूड, आणि डब्याचं कुलूप बरोबर पोटाच्या उंचीला. त्यामुळं डबा उघडायचा तर आप्पांनी सदरा वर करायचा, पोट डब्याला लावायचं आणि त्याला मिठी मारल्यासारखं उभं राहून किल्ली फिरवायची. नाक्यावरचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून विचारायचे, "आप्पा, काय म्हणतीय मालकीण?" दोरा लांब करा असं शंभर जणांनी सांगितलं. आप्पांनी ऐकलं नाही. ते म्हणत, लांब दोरा म्हणजे कुणीही ओढंल. खरी गोष्ट अशी, की चालताना ती किल्ली पोटाला लागायची आणि प्रत्येक पावलाला आपण कोण आहोत याची आठवण करून द्यायची. हे आप्पांनीच पुढं कबूल केलं.

असं सगळं छान चाललेलं असताना गेल्या वर्षी अर्पिता मॅडम आल्या. वाहतुकीचं काम बघायला जिल्ह्यावरून नेमलेल्या इंजिनीअर, वय आप्पांच्या लेकीएवढं. त्यांनी तिन्ही डबे उघडायला लावले, आत पाहिलं आणि विचारलं, "काका, हे तिघं एकमेकांशी बोलतात कसे?"

"माझ्या तोंडानं," आप्पा म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. चहा पिता पिता त्यांनी समजावून सांगितलं. आता नवे डबे येणार ते खुल्या मानकाप्रमाणं. म्हणजे सगळ्या डब्यांची, कॅमेऱ्यांची, ॲम्ब्युलन्सच्या यंत्राची बोली एकच. ती बोली कुणा कंपनीच्या मालकीची नाही. तिचे नियम उघडे आहेत, कुणीही वाचावेत आणि कुणीही त्याप्रमाणं डबा बनवावा. उद्या एक कंपनी बंद पडली तर दुसरीचा डबा आणून बसवायचा, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. ॲम्ब्युलन्स निघाली की तिचं यंत्र पुढच्या सिग्नलला सांगणार, मी येतेय, आणि तो आपोआप हिरवा होणार.

"आपल्या बाजारासारखं," मॅडम म्हणाल्या. "आळंदचा माणूस असो की लोहाऱ्याचा, बाजारात सगळ्यांना कळेल असंच बोलतात ना. मग दुभाष्या लागत नाही."

आप्पांना त्याच क्षणी अंबाडीची भाजी आठवली.

समजलं सगळं होतं, हे लक्षात घ्या. न समजून विरोध करणारा माणूस वेगळा. आप्पांना अगदी पहिल्या फटक्यात समजलं, आणि समजलं म्हणूनच ते कामाला लागले. नगरपरिषदेच्या बैठकीत ते मागच्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मॅडम, उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घिऊन नाक्याच्या चढावर थांबला, आन परत उचलायला गेला, की म्होरली चाकं वर येतात. घोडं उधळल्यागत. ते तुमच्या पुस्तकात हाय का?"

मॅडमनी खरं तेच सांगितलं. "नाही. पण ते डब्याला सांगता येतं." आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

पण सभागृह तोवर हसलं होतं. एक नगरसेवक टेबल वाजवून म्हणाले, शाब्बास आप्पा. हसण्यापुढं इंजिनीअरिंग कुठं टिकतंय? ठरलं असं, की बसस्टँड आणि बसवेश्वर चौकात नवे डबे बसवायचे, आणि कारखाना नाक्याचा डबा उसाचा हंगाम संपेपर्यंत जुनाच ठेवायचा, आप्पांच्या देखरेखीखाली. आप्पा त्या दिवशी लुनावरून घरी गेले ते छाती काढून. ट्रॅक्टरची त्यांना काळजी होती, नव्हती असं नाही. पण दहा पैशांची काळजी आणि नव्वद पैशांची किल्ली, हा हिशोब त्यांचा त्यांनाच माहीत होता.

घरी लेक आलेली होती. शिवप्रिया, एकुलती एक, कलबुर्गीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज सगळ्यांनाच मान्य, पण तिच्या सासूबाई शिवगंगम्मा फोनवर सारखं एकच म्हणत होत्या. कलबुर्गीत घराच्या समोर मोठा दवाखाना आहे. रिवाज राहू द्या, पोरीला इकडंच पाठवा. आयत्या वेळी कुठं अडकलात तर काय करणार?

श्रीदेवीबाईंचं मत विहीणबाईंच्या बाजूला झुकत होतं. आप्पांनी फोन हातातून घेतला आणि कानडीत छातीठोक सांगितलं, "अक्का, या गावचे सिग्नल माझ्या कमरेला आहेत. माझ्या लेकीला या गावात लाल दिवा थांबवणार नाही. हा शरणबसप्पाचा शब्द."

मग शिवगंगम्मा म्हणाल्या, ठीक आहे, तुमच्या शब्दावर ठेवते. आप्पांनी फोन ठेवला आणि पोटावरच्या किल्लीवर हात फिरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

हंगाम भरात होता आणि बाकीच्या दोन चौकांत नवे डबे बसले होते. नाक्यावरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. आप्पांनी कारखान्याच्या रस्त्याला भलामोठा, मिनिटंच्या मिनिटं चालणारा हिरवा लावून ठेवला होता, आणि गोरोबाला बजावलं होतं, चढावर आलेला ट्रॅक्टर थांबवायचा नाही. कुणीही आलं तरी. मंत्री आला तरी. गोरोबा आज्ञाधारक माणूस. ट्रॅक्टरवाल्यांनाही आप्पांनी हेच सांगून ठेवलं होतं.

बाजाराचा दिवस होता. दुपारचं जेवण होऊन आप्पा सोप्यात टेकले होते तेवढ्यात आतून श्रीदेवीबाईंची हाक आली आणि त्या हाकेतच सगळं कळलं. १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली. मागं शिवप्रिया, तिचा हात धरून श्रीदेवीबाई आणि ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरीणबाई. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, गावचे वाहतूक मालक या नात्यानं.

बसस्टँड चौक दिसला. बाजाराची गर्दी, रिक्षा, हातगाडे. सिग्नल लाल होता, आणि गाडी थोडी जवळ जाताच तो आपणहून हिरवा झाला. आडवी वाहनं थांबली, गाडी सुसाट पुढं गेली. आप्पांना बरं वाटलं. आणि कुठंतरी बारीक टोचलंही, कारण त्यांनी काहीच केलं नव्हतं.

बसवेश्वर चौक. तिथंही तेच. ड्रायव्हर बार्शीकडचा, नवा. तो म्हणाला, "मानलं आप्पा तुमाला. काय सिस्टीम बसवलीय."

"असतंय ते," आप्पा म्हणाले.

हे वाक्य सांगताना आप्पा आजही टपरीवर डोक्याला हात लावतात. मागं पोटची पोर कण्हतेय, आणि हा माणूस दुसऱ्याच्या कामाची शाबासकी खिशात घालतोय.

मग कारखाना नाका आला. लाल.

गाडीच्या यंत्रानं सांगितलं असणार, मी येतेय. पण नाक्यावरच्या डब्याला ती बोली कुठं येत होती? त्याच्या लेखी सायरन नव्हता, ॲम्ब्युलन्स नव्हती, कुणाची लेक नव्हती. कारखान्याच्या रस्त्याला हिरवा होता आणि चढावरून एकामागं एक दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आडवे चालले होते, आगगाडीसारखे, मधे सायकल घालायला जागा नाही. ॲम्ब्युलन्सच्या पुढं दोन जीप, एक टेम्पो. मागून बाजाराची गर्दी येऊन चिकटली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

मागून शिवप्रियाचा आवाज आला, "आप्पा..." आणि पुढचं तिला बोलता आलं नाही.

दार उघडून आप्पा पळत सुटले. डब्याजवळ पोचले, सदरा वर केला, पोट लावलं, आणि किल्ली सापडेना. दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी चांगली पँट घातली होती आणि वरून कातडी पट्टा कसला होता. करदोरा पट्ट्याखाली अडकला होता. आप्पा पट्टा सोडतायत, दोरा ओढतायत, डब्याला धडका देतायत. बाजारच्या बायका थांबून बघायला लागल्या. एका पोरानं मोबाईल काढला. एका ट्रॅक्टरवाल्यानं सवयीप्रमाणं विचारलं, "आप्पा, काय म्हणतीय मालकीण?" मग त्यांचं तोंड बघून तो गप्प झाला.

किल्ली निघाली, कुलूप उघडलं, आप्पांनी बटण दाबलं. आणि तेव्हा त्यांना आठवलं, की हा डबा मधेच थांबत नाही. आधी पिवळा मिचकावतो, मग सगळं पहिल्यापासून सुरू करतो. पहिला नंबर कारखान्याच्या रस्त्याचा. तो आप्पांनीच लावलेला. भलामोठा हिरवा, आप्पांच्या डोळ्यांदेखत, पुन्हा नव्यानं लागला.

"गोरोबा, थांबव त्यांना," आप्पा ओरडले.

"तुमीच सांगितलंय थांबवायचं न्हाय म्हणून," गोरोबा म्हणाला. बिचारा खरंच बोलत होता.

आप्पा रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. एका हातात सुटलेला पट्टा. समोर चढावर उसानं लादलेला ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हर वरून ओरडला, "आप्पा, बाजूला व्हा, चाकं उचलतील." आप्पा हलले नाहीत. त्या घडीला त्यांच्या मनात समन्वय नव्हता, किल्ली नव्हती, काहीच नव्हतं. अंगावर आला तर येऊ दे, एवढंच होतं. ट्रॅक्टर थांबला. ट्रॉल्या मागं सरकल्या, पुढची चाकं हातभर वर आली, उसाची एक मोळी सुटून रस्त्यावर पडली. लोकांनी पळत येऊन चाकांखाली दगड लावले. गोरोबानं जीप आणि टेम्पो पुढं काढून दिले. वाट मोकळी झाली.

आप्पा गाडीकडं धावले. गाडीचं मागचं दार बंद होतं. आतून कसलाच आवाज येत नव्हता. शिवप्रियाचा नाही, श्रीदेवीबाईंचा नाही. ड्रायव्हरही स्टेअरिंगवर हात ठेवून मागं मान वळवून बसला होता, गाडी हलवत नव्हता. आप्पांनी दारावर हात ठेवला आणि त्यांना ते उघडायचं धैर्य होईना. आपण काय करून बसलो, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती, विजेच्या तारेला हात लागला तेव्हासुद्धा नाही.

मग आत एक बारीक, चिडका आवाज उठला आणि वाढत गेला.

दार उघडलं. श्रीदेवीबाईंच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं लालबुंद काहीतरी हातपाय झाडत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी आहे, दोघी ठीक आहेत, आता चला लवकर. आप्पा रस्त्यातच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बसा आप्पा वर. आता हिरवा नसला तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवगंगम्मा कलबुर्गीहून येणार होत्या. आप्पांनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून आपली कहाणी तयार केली. बाजाराचा दिवस, उसाची गर्दी, देवाची मर्जी, आणि पोरीनंच जरा घाई केली. कानडीत कुठं दम घ्यायचा, कुठं डोळे पुसायचे, हेसुद्धा ठरवलं. विहीणबाई आल्या, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "काय झालं?"

आप्पांनी घसा साफ केला. तोवर श्रीदेवीबाईंनी सुरुवात केली होती, स्वतःच्या कानडीत, किल्ली, पट्टा आणि 'असतंय ते' यांच्यासकट. हे शेवटचं त्यांना मागं बसून ऐकू आलं होतं. मधे दुभाष्या नव्हता, त्यामुळं काही गळालं नाही. दोघी आधी गंभीर होत्या. पट्ट्यापर्यंत आल्यावर शिवगंगम्मांच्या तोंडाला पदर गेला, आणि शिवप्रिया खाटेवर पोट धरून आईला म्हणाली, अव्वा, हसवू नका, दुखतंय. आप्पा भिंतीकडं बघत उभे.

हसणं ओसरल्यावर शिवगंगम्मा त्यांच्याकडं वळल्या. सरहद्दीवरच्या बाजारात शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत, कुणाला काही उलटं सांगायची सोय राहू नये म्हणून की काय, त्यांनी सावकाश विचारलं, "बीगरे, तुमचा सिग्नल कुठला होता?"

बीगरे म्हणजे व्याही. आप्पांच्या जिभेवर उसाची गर्दी येऊन थांबली होती. ती त्यांनी गिळली.

"गाडी थांबली तो," आप्पा म्हणाले. "हिरवे झालेले माझे नव्हते, अक्का."

बाळाच्या तोंडावरची माशी शिवगंगम्मांनी पदरानं उडवली. मग म्हणाल्या, "चहा आणा." आप्पा पळत गेले, आणि सांगतात की एवढी हलकी शिक्षा घेताना त्यांना जास्तच लाज वाटली.

चहा देऊन ते तसेच नगरपरिषदेत गेले. अर्पिता मॅडम टेबलावर जेवणाचा डबा उघडून भात खात होत्या. आप्पांनी सदरा वर केला आणि करदोऱ्याची गाठ सोडायला लागले. इतक्या वर्षांची गाठ, घामानं दगड झालेली, सुटेना. मॅडमनी न बोलता ड्रॉवरमधून कात्री काढून पुढं केली. आप्पांनी दोरा कापला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"हंगाम संपायची वाट बगू नका," ते म्हणाले. "आजच बदला. आन मॅडम, ते उसाचं तेवढं ऱ्हायलंय. चढ, दोन ट्रॉल्या, चाकं. मी सगळं सांगतो, लिहून घ्या." एवढं तरी आपल्याकडं शिल्लक आहे, असं त्यांना वाटलं होतं.

मॅडम जरा अवघडल्या. "काका, ते मी बैठकीच्या दिवशीच घातलंय. नवा डबा चढावर ट्रॉली दिसली की आधी ती वर घेतो आणि मागच्या खालीच सपाटीवर थांबवतो. ॲम्ब्युलन्स लांब असतानाच. तुम्हीच तर सांगितलं होतं."

म्हणजे डबा तेव्हाच तयार होता. फक्त आप्पा मधे उभे होते. त्यांनी कापलेला दोरा उचलून खिशात घातला. मग म्हणाले, "मॅडम, भात गार होतोय," आणि निघाले.

नवा डबा त्याच आठवड्यात बसला. त्याची किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते, ज्याला काम असेल त्यानं न्यावी. आप्पाही फेरीला जाताना नेतात. पहिल्यांदा डबा उघडायला गेले तेव्हा किल्ली हातात असूनही त्यांनी सवयीनं सदरा वर केला आणि पोट डब्याला टेकवलं. ट्रॅक्टरवाल्यांनी ओळीनं हॉर्न वाजवले. कुणीतरी काढलेलं ते चित्र अजून गावातल्या मोबाईलवर फिरतं, आणि आप्पा ते स्वतः पुढं पाठवतात.

नात चार महिन्यांची झाली तेव्हा शिवप्रिया पुन्हा चार दिवस राहायला आली होती. आप्पा पोरीला कडेवर घेऊन नाक्यावर गेले, तुझा जन्म इथला म्हणून दाखवायला. गोरोबा सावलीला उभा होता. तेवढ्यात बसवेश्वर चौकाकडून सायरन ऐकू आला. चढावरची ट्रॉली वर निघून गेली, मागची खाली सपाटीवर थांबली, समोरचा दिवा हिरवा झाला, आणि ॲम्ब्युलन्स वेग कमी न करता दवाखान्याकडं निघून गेली. कुणी फोन केला नव्हता. कुणी पळालं नव्हतं. आप्पांचा मोकळा हात आपोआप पोटाकडं गेला होता. तिथं नवा काळा दोरा होता, श्रीदेवीबाईंनी बांधलेला, नुसता.

"कोण हुतं आप्पा गाडीत?" गोरोबानं विचारलं.

"काय की," आप्पा म्हणाले. "कुणाची तरी लेक असंल."

आणि पोटावरचा हात काढून त्यांनी तो नातीच्या डोक्यावर ठेवला, उन्ह लागत होतं म्हणून.